आधी पाचवीची मुलं

दोहा, कतार

प्रिय बाबू,

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप रात्रपाळी संपवून खोलीवर आल्यावर ऐकला. फादरांनी शाळेच्या फुटबॉलची जबाबदारी तुझ्यावर टाकली, याचा मला फार आनंद झाला. पण पुढे तू टीमची जी अवस्था सांगितलीस, ती ऐकून झोप उडाली. सतरा वर्षांखालच्या संघात अकरा मुलं उभी करताना नाकी नऊ येतात. चेंडू मोजके, गोलपोस्टला जाळी नाही, मैदानावर रविवारी मिस्सेला येणाऱ्यांच्या गाड्या आणि लग्नसराईत मांडव. नववीत गेलं की घरचे मुलाला क्लासला बसवतात. आणि जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत घरी परत. तू विचारलंस, "मामा, कतारमध्ये इतकं फुटबॉल आहे, त्यातलं आपल्या शाळेला काय घेता येईल?" ह्याचं उत्तर फोनवर मावणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वसईतच काय, मुंबईपासून गोव्यापर्यंत अनेक कॅथलिक शाळांतले पीटीचे सर आज तुझ्याच जागी उभे असतील. त्यांनाही वाचायला दे.

आधी त्या सूचनेबद्दल बोलतो, जी तुला पालकसभेत कुणीतरी केली. टर्फवरच्या अकॅडमीतली सहा-सात तयार मुलं हेरायची, त्यांना आठवी-नववीत प्रवेश द्यायचा, फी माफ करायची आणि एका वर्षात ट्रॉफी शाळेत आणायची. ट्रॉफी आली की देणगीदार येतील, पेपरात फोटो येईल, मग खालच्या वर्गांकडे बघू. तुझ्या आवाजावरून वाटलं की तुलाही हा मार्ग थोडासा पटतोय. मला तो अजिबात पटत नाही, आणि न पटण्याचं कारण मी ज्या देशात राहतो त्या देशानेच दाखवून दिलं आहे.

२००४ सालची गोष्ट आहे. कतारला विश्वचषकात खेळायची घाई झाली होती. जर्मनीच्या बुंडेसलिगात आइल्टन नावाचा ब्राझिलियन स्ट्रायकर तेव्हा खोऱ्याने गोल करत होता. त्याला, आणि डेडे व लेआंद्रो या आणखी दोन ब्राझिलियनांना, कतारचं नागरिकत्व देऊन संघात घ्यायचं घाटत होतं. या तिघांचा कतारशी कसलाही संबंध नव्हता. त्या वर्षी मार्चमध्ये फिफाने तातडीने नियम काढला: ज्या देशाशी खेळाडूचं खरंखुरं नातं नाही, त्या देशाकडून त्याला खेळता येणार नाही. तो बेत तिथेच संपला.

आणि त्याच २००४ साली दोह्यात अस्पायर अकॅडमी स्थापन झाली. इथली पोरं शाळेत असतानाच हेरायची, अभ्यास आणि सराव एकाच छपराखाली ठेवायचा आणि वाट बघायची. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या युवा विभागातून फेलिक्स सांचेझ नावाचा तरुण प्रशिक्षक इथे आला. त्याचं नाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. तो लहान मुलांच्या गटांना शिकवत राहिला, मुलं वाढली तसा त्यांच्याबरोबर वरच्या वयोगटांत गेला. २०१४ मध्ये म्यानमारला झालेली एकोणीस वर्षांखालची आशियाई स्पर्धा त्याच्या मुलांनी जिंकली. अंतिम सामन्यात उत्तर कोरियाविरुद्धचा एकमेव गोल अक्रम अफिफ नावाच्या पोराचा होता.

यापुढचं नीट वाच, कारण खरी शिकवण इथे आहे. दुसऱ्याच वर्षी हीच मुलं न्यूझीलंडला वीस वर्षांखालच्या विश्वचषकात गेली आणि तिन्ही सामने हरली. आपल्याकडे असं झालं असतं तर? सरांची बदली, मुलांना टोमणे, "यांच्यात दम नाही" असा शिक्का. इथे तसं झालं नाही. तोच प्रशिक्षक, तीच मुलं. २०१९ च्या आशियाई चषकात त्यांनी सातही सामने जिंकले, एकोणीस गोल केले आणि फक्त एक खाल्ला. अंतिम सामन्यात जपानला ३-१ ने हरवलं. स्पर्धेतले नऊ गोल एकट्या अल्मोएझ अलीचे. त्याचा जन्म सुदानमधल्या खार्टूमचा, पण पोरवयात इथे आला आणि अस्पायरमध्ये वाढला. संघात बाहेर जन्मलेले इतरही आहेत, ते मी लपवत नाही. तरी संघाचा कणा इथेच, मुलांच्या गटांतून तयार झालेला होता.

मग २०२२ आलं. घरचा विश्वचषक, आठ स्टेडियम, जगभरचे कॅमेरे. २० नोव्हेंबरला अल बैत स्टेडियममध्ये इक्वेडोरने कतारला २-० ने हरवलं. पहिलाच सामना हरणारा यजमान देश त्याआधी कधी झाला नव्हता. शेवटची शिट्टी व्हायच्या कितीतरी आधी खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. पुढे सेनेगलकडून हार, नेदरलँड्सकडून हार. आमच्या कॅम्पात त्या रात्री इजिप्शियन, नेपाळी, मल्याळी सगळे बसून हळहळत होते. इतका पैसा ओतून हे काय झालं, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. सांचेझ गेला.

पण खेळाडू बहुतेक तेच राहिले. १० फेब्रुवारी २०२४ ला लुसैलमध्ये जॉर्डनविरुद्ध आशियाई चषकाचा अंतिम सामना झाला आणि तो कतारने ३-१ ने जिंकला. तिन्ही गोल पेनल्टीवर, तिन्ही अक्रम अफिफचे. म्यानमारमध्ये गोल करणारा, न्यूझीलंडच्या अपयशातून गेलेला, २०२२ मध्ये देशाच्या शिव्या खाल्लेला तोच मुलगा. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीला २-१ ने हरवून कतार २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरलं. यजमान म्हणून मिळालेली जागा नव्हे, पात्रता सामने खेळून कमावलेली, आणि ती पहिल्यांदाच. २००४ पासून मोज: एकवीस वर्षं.

तू म्हणशील, मामा, त्यांच्याकडे तेल आहे, गॅस आहे. खरं आहे. पण आकडे बघ. कतारचे मूळ नागरिक सगळे मिळून तीन-साडेतीन लाखांच्या घरात. आपल्या वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर होती. पोरांची कमतरता त्यांना, आपल्याला नाही. वातानुकूलित स्टेडियम आपण बांधू शकत नाही आणि आपल्याला त्याची गरजही नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट फुकट मिळते: मुलगा लहान असताना त्याला धरायचं आणि हरला म्हणून सोडायचं नाही.

आपल्या घरी भातशेती होती, तुझ्या आजोबांना विचार. राब भाजला नाही, आवण नीट आलं नाही, तर लावणीला कितीही माणसं आणून उभी करा, शेत भरत नाही. तुझं आवण पाचवीत आहे.

आता मैदानावरचं सांगतो. शुक्रवारी मिस्सा झाली की मी बऱ्याचदा अस्पायर पार्कला जातो. (आमचं रोझरी मातेचं चर्च मसैमीरच्या धार्मिक संकुलात आहे. बाहेरून क्रूस नाही, घंटा नाही. मार्च २००८ मध्ये त्याचं पवित्रीकरण कार्डिनल आयवन डायस यांच्या हस्ते झालं. वांद्र्याचे, आपल्या मुंबईचे माजी आर्चबिशप. इथे आलेल्या आपल्या माणसांना ते सांगताना ऊर भरून येतो.) तर त्या पार्कात संध्याकाळी आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा सराव चालतो, तो मी हिरवळीवर बसून बघतो. एक इजिप्शियन कोच आहे. त्याच्याकडे एवढं मोठं हिरवं मैदान असूनही तो मुलांना मोठ्या मैदानावर खेळवतच नाही. प्लास्टिकचे चार कोन ठेवून छोटे चौकोन आखतो आणि प्रत्येक चौकोनात चार विरुद्ध चार. गोलकीपर नाही, गोलपोस्ट म्हणजे दोन कोन. पाच मिनिटांनी शिट्टी, संघ बदल. एकही मूल बाजूला उभं राहिलेलं दिसत नाही. त्यात एक जाडसर मुलगा आहे, बहुधा सीरियन. त्याच्या पायातून चेंडू सारखा निसटतो. कोच खेळ थांबवत नाही, ओरडत नाही. चेंडू बाहेर गेला की पायाशी ठेवलेला दुसरा चेंडू लगेच त्याच मुलाकडे ढकलतो. एका संध्याकाळी त्या मुलाने एकदा चेंडू अडवला, वळला आणि मित्राला पास दिला. कोचने फक्त अंगठा वर केला. त्या पोराचा चेहरा बघायला हवा होतास तू.

आपल्याकडे काय होतं? बावीस मुलं मोठ्या मैदानावर सोडतात. चेंडू चार दांडग्या पोरांच्या पायात फिरतो, बाकीचे वारा खात उभे. महिनाभरात ते उभे राहणारे यायचे बंद होतात. मग तू म्हणतोस मुलं जमत नाहीत. चार विरुद्ध चारला शाळेचं अर्धं मैदान पुरतं, गाड्या लागल्या असल्या तरी. कोन नसतील तर विटा ठेव. पावसात चिखल झाला तरी हा खेळ चालतो, उलट मुलांना जास्तच आवडतो. उन्हाळ्यात इथे पंचेचाळीस अंशांच्या वर पारा जातो, मुलं हॉलमध्ये किंवा रात्री खेळतात. आपल्या मुलांना जून-जुलैच्या पावसासारखं वरदान मिळालेलं आहे, ते वाया घालवू नकोस.

चार विरुद्ध चारमध्ये मुलींनाही घे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्याच देशात झाला, त्याचे सामने नवी मुंबईतही होते. आपल्या धर्मग्रामातल्या किती मुलींना कुणी ते बघायला नेलं? पाचवी-सहावीत मुलं-मुली एकत्र सहज खेळतात. पुढे मुलींचा वेगळा संघ कर.

दहावीचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि त्यावर माझं मत ठाम आहे. आई-बापांना दोष देऊ नकोस. ज्यांनी कर्ज काढून, गल्फात राबून पोरांना शिकवलं, त्यांना मार्कांची धास्ती असणारच. तीच धास्ती मलाही माझ्या मुलांबद्दल आहे. इथे अकॅडमीत वर्ग आणि मैदान एकाच आवारात आहेत, म्हणून मुलाला दोन्हीतलं एक निवडावं लागत नाही. आपल्या शाळेला हे जमू शकतं, कारण आपलीही शाळा आणि मैदान एकाच कुंपणात आहेत. शाळा सुटली की पाऊण तास सराव, मग त्याच वर्गात एक तास अभ्यास, आणि तिथे गणिताच्या सरांनी किंवा एखाद्या सिस्टरने बसायचं. मुलगा सात वाजता घरी पोहोचतो तेव्हा त्याचा गृहपाठ झालेला असतो. मग बघ नववीतला मुलगा कोण काढून नेतो ते. राज्य पातळीवर खेळलेल्यांना दहावीला क्रीडा गुण मिळतात हेही पालकांना सांग, पण त्या गुणांचं आमिष पुढे करू नकोस. शंभरातले नव्याण्णव तिथवर पोहोचणार नाहीत, आणि त्या नव्याण्णवांसाठीही हा खेळ आहे.

फादरांना एक जुनी गोष्ट सांग. गोव्यात फुटबॉल आणला तो एका धर्मगुरूने. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स शिवोलीला आले. त्यांनी मुलांना शिकवता शिकवता त्यांच्या पायात चेंडू दिला. पुढे हडफड्याच्या सेंट जोसेफ शाळेत तो खेळ रुजला. तिथे शिकलेली मुलं आपापल्या गावी गेली आणि खेळ त्यांच्याबरोबर गेला. आज गोव्यातलं वाड्यावाड्याचं फुटबॉल बघताना वाटतं की हे कायमचंच असावं, पण त्याची सुरुवात शाळेच्या अंगणात आहे. मैदान मांडवाला भाड्याने देण्याबद्दल फादरांशी बोलायचं असेल तेव्हा हा दाखला उपयोगी पडेल. शाळेला पैसा लागतो हे मान्य. पण जून ते ऑक्टोबर या काळात मैदान फक्त मुलांचं, एवढं तरी त्यांच्याकडून कबूल करून घे.

कोल्हापूरचं उदाहरणही डोळ्यांपुढे ठेव. तिथे पेठेतल्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ लोटते. तालमीच्या पोराला लहानपणापासून माहीत असतं की आपण कुठल्या रंगात खेळणार. आपल्या धर्मग्रामाच्या सणाला जशी गर्दी होते, तशी गर्दी शाळेच्या एका सामन्याला व्हावी म्हणून प्रयत्न कर. मिस्सेनंतर फादरांनी दोन वाक्यांत घोषणा केली तरी पुष्कळ.

आणि हरण्याबद्दल. पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही हरणार आहात, हे मुलांना आणि पालकांना आधीच सांग. पण हरताना कसं खेळायचं ते शिकव. १० सप्टेंबर २०१९ ला मी इथल्या जासिम बिन हमाद स्टेडियममध्ये होतो. भारत विरुद्ध कतार, विश्वचषक पात्रता सामना. कतार तेव्हा नुकताच आशियाचा विजेता झालेला. आपला सुनील छेत्री आजारी, मैदानाबाहेर. उकाडा असा की बसल्या जागी शर्ट भिजला. कतारने फटक्यांमागून फटके मारले आणि कर्णधार गुरप्रीत सिंग संधूने ते अडवत ठेवले. पण मी बघत होतो मागच्या फळीकडे. मुंबईचा राहुल भेके उजवीकडे, गोव्याचा मंदार राव देसाई डावीकडे, मध्ये संदेश झिंगनबरोबर गोव्याचाच आदिल खान. चेंडू इकडून तिकडे जाईल तसे चौघं एका दोरीत बांधल्यासारखे सरकत होते. नव्वद मिनिटं. कुणी हिरो व्हायला पुढे धावला नाही. सामना ०-० सुटला आणि आम्ही जिंकल्यासारखे ओरडलो.

पुढे जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात आपला संघ इथेच तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. तेही मी बघितलं. पण २०१९ ची ती रात्र शिकवण्यासारखी आहे. कमकुवत संघाला चारजणांनी एकत्र सरकणं शिकता येतं. त्याला उंची लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत. तुझ्या चौदा वर्षांखालच्या मुलांना गोल मारायला शिकवण्याआधी हे शिकव. आठ-शून्यने हरणारा संघ दोन-शून्यवर आला, की मुलांना स्वतःलाच कळतं की आपण सुधारतोय.

इथे इंडस्ट्रियल एरियाच्या बाजूला, शुक्रवारी दुपार कलल्यावर, मोकळ्या रेताड जागेवर आमच्यासारखे कामगार खेळतात. घानाचे, नेपाळचे, केरळचे. २०१३ पासून कंपन्यांच्या संघांचा वर्कर्स कपही सुरू झाला. दहा तास उन्हात काम करून आलेली ही माणसं. त्यांच्यातला एकही आता व्यावसायिक खेळाडू होणार नाही, हे त्यांना पुरतं माहीत आहे. तरी शिट्टी वाजली की ती जीव तोडून धावतात. विचारलं तर बहुतेकजण शाळेतल्या मैदानाचं, शाळेतल्या सरांचं नाव काढतात. बाबू, तुझ्या हातून घडणारं काम एवढं लांब जातं. आपल्या गावातली निम्मी पोरं उद्या गल्फात, इस्रायलला, कॅनडाला जाणार. खेळ त्यांच्याबरोबर जायला हवा.

तेव्हा तयार मुलं आणू नकोस. वयाचे खोटे दाखले घेऊन येणारा कुणी आला तर दारातूनच परत पाठव, मग तो कितीही गुणी असो. यंदा सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत नाव घालायची घाई करू नकोस. चौदा वर्षांखालची जी मुलं आहेत ती त्यांच्याच गटात उतरव आणि हरू दे. फादरांना ट्रॉफीचं वचन देऊ नकोस. त्यांच्याकडून लेखी माग: पाच वर्षं, रोजचा पाऊण तास, पावसाळ्यात मोकळं मैदान आणि अभ्यासाच्या तासाला एक शिक्षक. चेंडू आणि जाळ्यांचा खर्च आम्ही इथली गावची मंडळी उचलतो, मी चौघांशी बोललो आहे. येत्या सोमवारपासून पाचवीच्या मुला-मुलींना मैदानात उतरव, आणि त्यांच्या पायांची मापं मला पाठव.

तुझा,
मामा